सोळाव्या रेघेवरचा धागा

मोजूनमापून काही करणं आईच्या स्वभावातच नव्हतं. तांदूळ ती मुठीनं घ्यायची, मीठ चिमटीनं आणि नाचणीचं पीठ तर नुसत्या नजरेनं. कुणी विचारलं, "किती घातलंस गं?" तर म्हणायची, "लागंल तेवढं." त्या लागेल तेवढ्याचा स्वयंपाक एकदाही बिघडलेला मला आठवत नाही. त्यामुळे आबांचं दुखणं घरात आलं, आणि त्याच्या मागोमाग एक काचेची पिचकारी, तिच्यावर कोरलेल्या वीस बारीक रेघा आणि रोज सकाळी सोळा युनिट इन्सुलिन असा हुकूम आला, तेव्हा ती पहिले काही दिवस त्या पिचकारीकडे नव्या सुनेकडे बघावं तशी बघत होती. तिला पाट द्यायची, पाणी द्यायची, पण विश्वास टाकायची नाही.

आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहायचो. खोल्या दोन, पुढे हातभर ओटा आणि ओट्यापलीकडे रूळ. घाट चढून आलेल्या गाड्या स्टेशनात शिरताना मांडणीवरची भांडी आपसांत कुजबुजल्यासारखी वाजायची. त्या आवाजावरून आई सांगायची, मालगाडी आहे की पॅसेंजर. आईचं माहेर कुरवंड्याचं. तिकडून पावसाळ्यात कुर्डूची भाजी यायची, करटोली यायची, मामा कधी ओल्या फडक्यात बांधून चिंबोऱ्या आणायचा. आमच्या ताटात रेल्वेचं असं काही नव्हतं, सगळा डोंगरच होता. आबा मात्र पक्के रेल्वेचे. ते बत्तीवाले होते. सिग्नलच्या खांबांवरच्या बत्त्या सकाळी उतरवून आणायच्या, काचा पुसायच्या, वाती कापायच्या, रॉकेल भरायचं आणि पुन्हा शिडीनं वर चढून जागच्या जागी बसवायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या कपड्यांना, हातांना आणि डोक्याखालच्या उशीलाही रॉकेलचा वास होता. आजही कुठे रॉकेलचा वास आला की मला आधी आबा आठवतात, मग दिवा.

दुखणं ओळखलं ते आईनं, डॉक्टरांच्या आधी. आबा महिन्याभरात वाळून काटकी झाले होते. कळशीभर पाणी प्यायचे आणि तरी ओठ चाटायचे. सगळ्यांना वाटत होतं अंगात कसर आहे. एके दिवशी आईनं मला न्हाणीच्या दगडाकडे बोट करून दाखवलं. तिथं मुंग्यांची रांग लागली होती. "मुंग्या उगंच येत न्हाईत शेवंते," ती म्हणाली. "ह्यांच्या अंगातली साखर चाललीया भाईर." बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, फक्त जरा लांबलचक करून. त्या दिवसापासून घरातली साखर गेली, गूळ गेला, रेशनवर मिळायची तेवढी साखरही आई परस्पर शेजारी देऊन टाकू लागली. "घरात असली तर हात जाईल," म्हणायची. आबांचा हात खरंच गेला असता, ते त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं.

इंजेक्शन कोण देणार हा प्रश्न होता. आबांची नजर मंदावली होती, रेघा दिसायच्या नाहीत. आई सुई बघितली की तोंड फिरवायची. मी तेव्हा सातवी पास होऊन घरी बसले होते, आणि गणितात पहिली आले होते हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा मला भारी सोस होता. डॉक्टरांनी मलाच बोलावलं. शांत माणूस. हातात एक वांगं दिलं आणि म्हणाले, "याला टोच." मी आठ दिवस वांग्यांना पाणी टोचत होते. ती वांगी आई शेजारच्या शेळीपुढे टाकायची आणि शेळी हुंगून मान फिरवायची. वांग्याची साल माणसाच्या कातडीसारखी लागते, हे मी पुढे कित्येक मुलींना सांगितलं. कुणाचा विश्वास बसत नाही, टोचून बघितल्यावर बसतो.

पण डॉक्टरांनी खरं शिकवलं ते टोचणं नव्हे. त्यांनी टेबलावर इन्सुलिनची बाटली ठेवली, शेजारी पिचकारी ठेवली आणि विचारलं, "युनिट म्हणजे काय?" मी म्हणाले, "रेघ." ते म्हणाले, "चूक. युनिट हा औषधाचा जोर आहे. रेघ हे पाण्याचं माप आहे. या बाटलीत एका सी.सी.मध्ये वीस युनिट आहेत, आणि तुझ्या एका सी.सी.च्या पिचकारीवर रेघाही वीस आहेत, म्हणून एका रेघेत एक युनिट बसतं. हा योगायोग आहे. याच्यावर कधी विसंबू नकोस. बाटली हातात घेतलीस की आधी तिच्यावरचा आकडा वाचायचा. मग मोठ्यानं म्हणायचं, हवेत किती, एका रेघेत आहेत किती, म्हणजे रेघा किती. रोज म्हणायचं. पाठ झालं तरी म्हणायचं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, सोळाला एकानं भागायला रोज मोठ्यानं कशाला ओरडायला पाहिजे? पण महिनाभर म्हटलं. आबा दंडावरची बाही गुंडाळून बसायचे आणि मी शाळेतल्यासारखी म्हणायची, "हवेत सोळा, रेघेत एक, रेघा सोळा." आबा हसून म्हणायचे, "पास झालीस. आता टोच."

मग भातलावणीला मी आईबरोबर चार दिवस कुरवंड्याला गेले. मागे आबांनीच पिचकारी भरली आणि मंद नजरेनं कमी भरली की जास्त, देव जाणे. आम्ही परतलो तर ते घोंगडीवर पडून होते आणि जिभेला कोरड होती. दुसऱ्या दिवशी आईनं मला पिचकारीत सोळा रेघांपर्यंत पाणी भरायला लावलं. पदराच्या गाठीतून तांबडा धागा काढला. कुरवंड्याच्या गावदेवीपुढे ठेवून आणलेला होता तो. दट्ट्या जिथं थांबला होता त्या रेघेवर तिनं बाहेरून काचेला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि म्हणाली, "आता आंधळ्यानं भरली तरी चुकायची न्हाई."

आणि खरंच चुकली नाही. पिचकारी रोज उकळायची, धागाही तिच्याबरोबर उकळायचा. त्याचा तांबडा रंग फिका गुलाबी झाला, पण गाठ आवळतच गेली. आबांच्या अंगावर मांस आलं. ते पुन्हा शिड्या चढू लागले. चाळीतल्या बायका म्हणाल्या, देवीनं हात दिला. आई म्हणाली, दिलाच. इन्सुलिनचं नाव कुणी काढलं नाही. मी काढलं नाही हे विशेष, कारण मला तरी ठाऊक होतं. पण धाग्यापर्यंत औषध ओढायचं आणि टोचायचं एवढं सोपं काम झाल्यावर त्या "हवेत किती, आहेत किती"चा मला कंटाळा आला. आधी मनातल्या मनात म्हणू लागले, मग तेही सोडलं. सव्वा वर्षात आमच्या घरात युनिट हा शब्द उरलाच नाही. उरला तो धागा. कुणी विचारलं, तुझ्या वडिलांना किती देतेस, तर मी म्हणायची, "धाग्यापत्तूर."

लढाईचे दिवस होते. इन्सुलिन मुंबईहून यायचं. ते आणणारा गार्ड आबांच्या ओळखीचा होता, तो आपल्या डब्यातून जपून आणून द्यायचा. आई ती बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत, मातीच्या बोळक्यात ठेवायची. त्या बाटलीतला थेंबही तिला लक्ष्मीसारखा होता. सुईच्या टोकावर राहिलेला थेंब मी झटकला तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. नवरात्राच्या तोंडावर नवी बाटली आली ती वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीची. डॉक्टरांनी ती स्वतः आबांच्या हातात दिली आणि बजावून सांगितलं, की हे औषध दुप्पट जोराचं आहे, जुनं आता मिळत नाही, तेव्हा जुनी बाटली संपली की यातल्या आठच रेघा द्यायच्या; आणि मुलीला पिचकारी घेऊन माझ्याकडे पाठवा. आबांनी घरी येऊन अक्षर न् अक्षर सांगितलं. मी म्हणाले, "मंग काय, धागा खाली सरकवायचा."

आईनं हातातलं काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. "आता न्हाई," ती म्हणाली. "घट उटल्याबिगर देवीचा धागा सोडायचा न्हाई. इतके दिस तिनं सांभाळलं, अन् तिच्याच दिसांत तिची गाठ सोडायची व्हय?" आबा माझ्याकडे पाहत होते. घरातल्या गणिताचा अधिकार माझ्याकडे होता. मी एक शक्कल काढली. देवीचा तांबडा धागा राहू दे जागेवर, सोळावर. मी खाली आठव्या रेघेवर साधा पांढरा दोरा बांधते. जुनी बाटली असेतोवर तांबडा, नवी काढली की पांढरा. आई खूश झाली, आबा खूश झाले, आणि मी तर इतकी खूश झाले, की डॉक्टरांकडे पिचकारी न्यायची ती नेलीच नाही. दोन दोऱ्यांनी सगळं सुटलं होतं, आता त्यांना काय विचारायचं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तरी चाललं असतं, मी त्याला औताला जुंपला.

तिसऱ्या माळेच्या दिवशी सकाळी जुनी बाटली संपली. संपली ती अर्ध्यावर. मी दट्ट्या ओढत होते आणि सहाव्या रेघेला बाटलीतून हवा यायला लागली. पिचकारीत सहा रेघा औषध आणि बाटली कोरडी. आबांना कामावर जायची घाई होती. आई घटाला घालायची कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ हातात धरून दारात उभी होती.

"संपलं," मी म्हणाले. "हे टाकून नव्यातनं पांढऱ्यापत्तूर भरू का?"

"टाकतीस कशाला?" आई म्हणाली. "बाटली कुटनं येती ठावं हाय न्हवं? उरलंय तेवढं राहू दे, वर नवं भर."

"कुटल्या दोऱ्यापत्तूर?"

आईनं माळ दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "जुन्यानं सुरवात केलीस ना? मंग जुन्याचाच धागा. तांबडा."

मला ते पटलं. मला ते पटलं हे मी इथं मुद्दाम लिहिते, कारण पुढे कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत आले, की आईनं सांगितलं म्हणून केलं. ते खरं नाही. आईला अक्षर येत नव्हतं, मला येत होतं. नव्या बाटलीत सुई घालून मी दट्ट्या तांबड्या धाग्यापर्यंत ओढला आणि आबांच्या दंडात सगळं औषध रिकामं केलं. त्यांनी नाचणीची भाकरी आणि दोडक्याची भाजी खाल्ली, टोपी घातली आणि गेले.

मी पिचकारी धुतली, उकळायला ठेवली. रिकामी बाटली आई टाकू द्यायची नाही, तिच्यात काजळासाठी तूप ठेवायची, म्हणून धुऊन कोनाड्यात ठेवली. शेजारी नवी ठेवली, वाळूत पुरायच्या आधी पुसायला. दोघी पहिल्यांदाच अशा लगत आल्या. एकीवर वीस लिहिलं होतं, एकीवर चाळीस. मी बघत राहिले. मग चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर लिहिलं. जुन्याच्या सहा रेघा, सहा युनिट. नव्याच्या दहा रेघा, रेघेत दोन, वीस युनिट. सहा आणि वीस सव्वीस. मी पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा सव्वीसच आले. दहा युनिट हवे होते ते पाच रेघांत बसत होते. दट्ट्या अकराव्या रेघेवर थांबायला हवा होता, आणि अकरावर दोरा नव्हता. तांबडाही चूक होता आणि पांढराही चूकच होता. त्या दिवसाचा बरोबर आकडा आमच्या घरात कुठं बांधलेलाच नव्हता.

जास्त झालं तर काय होतं, ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस दारू प्यायल्यासारखा बरळतो, आणि तोंडात साखर पडली नाही तर शुद्ध जाते, मग कधी कधी परत येत नाही. माझ्या डोळ्यांपुढे सिग्नलची शिडी आली. मी ओरडले, "आय, साखर! आबांना जादा गेलंय. शिडीवर चढतील ते. साखर पायजे!"

घरात साखरेचा कण नव्हता. शेजारच्या दोन्ही घरांना कुलपं होती, मंडळी शेतावर गेलेली. आईनं एकदा मांडणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग देव्हाऱ्याकडे. घटापुढे विड्याच्या पानावर गुळाचा मोठा खडा होता, नैवेद्याचा. आरती व्हायची होती. आरतीआधी त्या पानाला आमच्या घरात मांजरही शिवलं नसतं. आईनं सरळ हात घालून तो खडा उचलला. नमस्कारही केला नाही. पदरात बांधला आणि दाराबाहेर पडली.

नवरात्रात ती अनवाणी असायची आणि दिवसातून एकदा वरईचा घास खायची. मी पंधरा वर्षांची, पायात बळ असलेली, तरी मला ती गाठता येईना. रुळांच्या कडेच्या खडीवरून ती काष्टा घट्ट करून पळत होती आणि मी मागून. वाटेत मी काय काय बोलले देवाला, ते लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, सगळं एकच वाक्य होतं म्हणून.

आबा खंडाळ्याच्या बाजूच्या सिग्नलवर होते. शिडीच्या मध्यावर. एका हातात बत्ती, दुसरा हात दांडीला, आणि हालत नव्हते. वर जात नव्हते की खाली येत नव्हते. सदरा पाठीला चिकटला होता. मी हाक मारणार तेवढ्यात आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. दम लागलेला असताना तिनं आवाज असा साधा कसा काढला, मला आजही कळत नाही.

"अवं," ती म्हणाली, "खाली या की. भाकरी आनलीया."

"पाणी सोडलं का शेताला?" आबा वरून म्हणाले. आमचं शेत नव्हतं. त्यांच्या वडिलांचं होतं, ते केव्हाच गेलं होतं.

"सोडलंय. या खाली."

"दादा रागावल."

"न्हाई रागावत. मी हाय ना."

ते आले नाहीत. बत्ती हातातून थोडी कलली. तेव्हा आई शिडीवर चढली. नऊवारीतली, अनवाणी, जन्मात कधी शिडीला हात न लावलेली माझी आई चार पायऱ्या चढून आबांच्या पायांपाशी गेली. त्यांची पोटरी धरली आणि त्यांचं एक पाऊल हातानं उचलून खालच्या पायरीवर ठेवलं. मग दुसरं. मग स्वतः एक पायरी उतरली. लहान पोराला जिना उतरायला शिकवतात तसं तिनं त्यांना उतरवलं, एकेक पाऊल हातानं ठेवत, आणि पूर्ण वेळ बोलत होती, शेताबद्दल, पाण्याबद्दल, रागावणाऱ्या दादाबद्दल. मी खाली दोन्ही हात पसरून उभी होते. पडले असते तर त्या हातांचा काही उपयोग नव्हता.

जमिनीवर टेकल्याबरोबर तिनं गूळ फोडून त्यांच्या गालात घातला. त्यांनी थुंकायला बघितलं, "मला गोड न्हाई चालत," म्हणाले, तेवढी शिस्त त्या अवस्थेतही होती. आई म्हणाली, "आज चालतंय. चावा." त्यांनी चावला. मग दुसरा तुकडा. त्यांचे दात वाजत होते आणि गुळाची लाळ हनुवटीवरून ओघळत होती. मी पदरानं पुसत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एक मालगाडी आमच्या बाजूनं सावकाश निघून गेली. मग आबांनी डोळे चोळले, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि त्यांचं पहिलं शहाणं वाक्य बोलले, "बत्ती फुटली न्हाई न्हवं?"

खाली टेकताच त्यांच्या हातातून काढून घेतलेली बत्ती माझ्याजवळ होती. फुटली नव्हती. मी तिथंच खडीवर बसून रडले.

त्यांना घरी आणून आईनं पुन्हा भाकरी खायला घातली, वर दूध दिलं, आणि आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. वाटेत आई मला हळूच म्हणाली, "पोट बिघडलं हुतं, जेवले न्हाईत, असं सांग." ती मला वाचवायला बघत होती. मला इंजेक्शन द्यायचं बंद करतील, चाळीत बोभाटा होईल, पोरीनं बापाला मारलं असतं म्हणतील, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं असणार. माझ्याही आलं होतं. पण डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं, "किती दिलंस?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सव्वीस." मग सगळंच सांगितलं. कोळशानं केलेल्या हिशेबासकट.

ते रागावले नाहीत. पिचकारी हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली, दोन्ही दोरे पाहिले. "पांढरा कुणाचा?" मी म्हणाले, "माझा." त्यांनी कात्रीनं तो कापून टाकला. "आणि हा?" आई म्हणाली, "देवीचा हाय." डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "देवीचा असेल तर तुमच्या यजमानांच्या मनगटाला बांधा. तिथं तो त्याचं काम करील. इथं नको. औषध बदललं हे धाग्याला कसं कळणार? ते वाचणाऱ्याला कळतं. आणि एक सांगतो. दोन बाटल्यांचं औषध एका पिचकारीत कधी भरायचं नाही. जुन्यातलं उरलं तर टाकून द्यायचं."

"टाकायचं?" आईला जणू कुणी भाताची रास पेटवायला सांगितली होती.

"टाकायचं."

आईनं पिचकारी मागून घेतली. घट उठायला अजून सहा दिवस होते. देवीचा धागा कात्रीनं कापायचा नसतो, म्हणून तिनं डॉक्टरांकडून एक सुई घेतली आणि ती गाठ सोडवायला लागली. सव्वा वर्ष उकळून उकळून ती गाठ मोहरीएवढी झाली होती. दवाखान्यात माणसं खोळंबली होती. डॉक्टर दुसऱ्यांना तपासत राहिले, पण तिला कुणी घाई केली नाही. गाठ सुटल्यावर तिनं तो धागा आबांच्या मनगटाला बांधला आणि आम्ही निघालो. गुळाच्या जागी नैवेद्य म्हणून त्या दिवशी घटापुढे काय ठेवलं, ते मला आठवत नाही. आईनं देवीला काय सांगितलं, तेही मी कधी विचारलं नाही.

पुढे मी हेच काम पोटापाण्याला केलं. दवाखान्यांत तीस-एक वर्षं काढली. आता पिचकाऱ्यांवर युनिटच छापलेले असतात, आणि नव्या पोरींना वाटतं, ही म्हातारी एवढा आकडा आकडा काय करत होती. त्यांना मी सिग्नलची गोष्ट सांगत असे, पण दुसऱ्या दिवशीची सांगत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिचकारीला हातच लावला नाही. आईला म्हणाले, डॉक्टरांच्या कंपाउंडरला बोलावून आण. मी देणार नाही. आई काही बोलायच्या आत आबांनी पाट ओढला, बाही गुंडाळली आणि दंड पुढे केला.

"आबा, मी मारलं असतं तुमाला," मी म्हणाले.

"व्हय," आबा म्हणाले. "अन् ते तुला ठावं हाय. कंपाउंडरला ठावं न्हाई. मला तूच पायजेस."

मी बाटली घेतली. आकडा वाचला, चाळीस. आई, सुई बघितली की तोंड फिरवणारी, माझ्यासमोर येऊन गुडघ्याला गुडघा लावून बसली. "मोठ्यानं बोल," म्हणाली. मी म्हटलं, हवेत सोळा, रेघेत दोन, रेघा आठ. तिनं माझ्या हातातून पिचकारी घेतली, उजेडाकडे धरली, आणि अक्षरशत्रू असलेल्या त्या बाईनं नखानं एकेक रेघ मोजली. एक, दोन, तीन. आठावर नख थांबलं. तिनं पिचकारी मला परत दिली नाही.

"परत सांग," ती म्हणाली.